घरातले पेट्रोल : त्याची वाफ आणि त्याचे वय

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आपल्या शाळेत विज्ञान शिकवीत, आणि मी आयुष्यभर मराठी शिकविले. तेव्हा मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने पेट्रोलच्या साठवणीवर बोलावे, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. कार्यकारी मंडळाने विषय विचारला तेव्हा फोनवर क्षणभर शांतता पसरली होती, हेही सांगून टाकतो. परंतु सरांच्या ज्या एका तासाने माझ्या डोक्यातला अंधार खरोखर दूर केला, तो तास याच विषयाचा होता. शिवाय गेल्या पावसाळ्यात देवासच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी जेवायला गेलो असता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, गॅसच्या शेगडीपासून चार हातांवर, पाण्याच्या दोन प्लास्टिक बाटल्यांत पेट्रोल भरून ठेवलेले दिसले. विचारले तर उत्तर मिळाले, "सर, झाकण घट्ट आहे." त्या दिवशीच विषय ठरला.

आरंभ माझ्या अधिकाराच्या प्रांतातून करतो. आपल्या घरांत जुन्या माणसांच्या तोंडी 'रॉकेल' आणि 'घासलेट' हे दोन शब्द असत. 'घासलेट' हा 'गॅसलाइट'चा अपभ्रंश. आपल्या माळव्यातल्या हिंदीतही तो रुळला आहे. 'रॉकेल' म्हणजे 'रॉक ऑइल', खडकातले तेल. आता गंमत पाहा. 'पेट्रोलियम' हा शब्द ज्या दोन लॅटिन शब्दांपासून झाला त्यांचा अर्थही खडक आणि तेल असाच आहे. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने रॉकेल आणि पेट्रोल ही सख्खी भावंडे! एकाच खनिज तेलातून निघणारी, दिसायला जवळजवळ सारखी, एकाच आकाराच्या डब्यांतून येणारी. रॉकेल आपल्या घरांत आधी आले आणि दोन-तीन पिढ्या त्याच्याशी वागण्याची एक रीत पडली. ते ओसरीवर ठेवावे, कंदिलात ओतावे, सांडले तर चिंधीने पुसावे. पुढे पेट्रोल आले आणि आपण तीच रीत त्यालाही लावली. माझ्या मामाने हेच केले.

धार हे माझे आजोळ. 1961 सालच्या खंडेनवमीची सकाळ. मी अकरा वर्षांचा. वाड्यात शस्त्रांची पूजा व्हायची होती, आणि मामाच्या मते त्याची मोटारसायकल हे घरातले सर्वांत थोर शस्त्र होते. पूजेपूर्वी ती लखलखीत करावी म्हणून त्याने चौकात बैठक मारली. रॉकेलच्या जुन्या डब्यात त्याने पेट्रोल साठविले होते. त्यातले थोडे एका पसरट थाळीत ओतून तो साखळी धूत होता आणि मी शेजारी चिंध्या घेऊन बसलो होतो. चौकाचा उतार न्हाणीघराच्या मोरीकडे, आणि न्हाणीघरात पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब पेटलेला. आमच्यापासून बंब चांगला बारा-चौदा फुटांवर असेल. वारा अजिबात नव्हता. साखळी जवळजवळ धुऊन झाली होती. तेवढ्यात न्हाणीच्या दारातून निळसर ज्वाळेची एक पट्टी फरशीला चिकटून आमच्याकडे धावत आली. 'धावत आली' हे मी अलंकारिक भाषेत म्हणत नाही. मी ती येताना पाहिली. थाळी पेटली, मामाचे धोतर पेटले. आजीने घोंगडी टाकून त्याला गुंडाळले म्हणून तो वाचला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग आज चौसष्ट वर्षांनीही आहे.

घरात यावर निदान झाले ते असे की, बंबातून ठिणगी उडाली. ठिणगी चौदा फूट उडून नेमकी थाळीत पडली, असे सर्वांनी मानले. दुसरे सुचणार तरी काय?

सुट्टी संपवून देवासला शाळेत आलो तेव्हा हाताला पट्टी होती. सरांनी हकीकत विचारली आणि ठिणगीची कथा शांतपणे ऐकून घेतली. दोन दिवसांनी त्यांनी सगळ्या वर्गाला मैदानात नेले. पावसाचे पाणी वाहून नेणारे पत्र्याचे पन्हळ असते, तसे सहा फुटांचे एक पन्हळ त्यांनी तिरके उभे केले होते. खालच्या टोकाला एक मेणबत्ती लावली. आम्हांला वीस पावले मागे उभे केले, स्वतः बाजूला सरले, आणि लांब चिमट्याने पेट्रोलने ओली केलेली चिंधी पन्हळाच्या वरच्या टोकाला ठेवली. काही क्षण काहीच घडले नाही. मग मेणबत्तीपासून ज्योत पन्हळातून वर चढत गेली आणि चिंधीने पेट घेतला. "ठिणगी वर उडाली का रे?" एवढेच ते म्हणाले. हा प्रयोग घरी कोणी करून पाहू नये, अशी त्यांनी तेव्हाच तंबी दिली होती. तीच मी येथे पुन्हा देतो.

जळते ती पेट्रोलची वाफ. द्रव पेट्रोल स्वतः जळत नाही. सगळ्या सावधगिरीचे मूळ या एका वाक्यात आहे. प्रत्येक ज्वलनशील द्रवाला एक तापमान असते. त्याच्या वर गेले की त्या द्रवातून पेट घेण्याइतकी वाफ निघू लागते. रॉकेलच्या बाबतीत हे तापमान साधारण 38 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पेट्रोलच्या बाबतीत ते शून्याखाली सुमारे 43 अंश आहे. म्हणजे माळव्यातल्या पौषातल्या पहाटेसही उघड्या पेट्रोलमधून पेटण्याजोगी वाफ निघतच असते. (वैशाखात आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो, तेव्हा रॉकेलवरही फार विसंबू नये.) ही वाफ हवेच्या तीन-चारपट जड असते. ती धुरासारखी वर न जाता पाण्यासारखी उतार शोधत जमिनीवरून वाहते, मोरीत उतरते, तळघरात साचते आणि पाण्यासारखी दिसत मात्र नाही. हवेत तिचे प्रमाण शेकडा दीडच्या जवळ पोहोचले की ज्योत पुरे. एक लिटर पेट्रोल उडून गेले तर त्याची सुमारे पावणेदोनशे लिटर वाफ होते. हिशेब केला तर दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीचा जमिनीलगतचा जवळजवळ निम्मा भाग पेट घेण्याजोगा करायला एवढी वाफ पुरते. धारच्या चौकात बंबापर्यंत गेली ती हीच, फरशीच्या उतारावरून.

आता आपल्या घरात जमिनीलगत काय काय जळत असते ते आठवा. समई जमिनीवर. उदबत्ती खाली. पाहुण्यांसाठी पाणी तापविण्याची चूल खाली. शीतकपाटाच्या तळाशी ठिणगी पाडणारी विजेची कळ. म्हणून पेट्रोल राहत्या घरात, स्वयंपाकघरात, जिन्याखाली किंवा तळघरात मुळीच ठेवू नये. अंगणातली पत्र्याची वा जाळीची वेगळी खोप उत्तम. तिला खालच्या बाजूस हवा खेळती हवी, ऊन थेट येऊ नये आणि कुलूप असावे. वर खिडकी ठेवून उपयोग नाही, कारण वाफ खाली असते.

हे सांगताना मला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण होते. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ मी अनेक वर्षे वर्गात शिकविला. गडावर दारूखाना कोठे व कसा असावा, हे पंतांनी बारकाईने सांगितले आहे. तो घराजवळ नसावा, घरावरून येणारा वारा त्याच्याकडे जाईल अशा जागी नसावा आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढून पाहावा, असा त्यांचा दंडक आहे. ज्या पवारांनी पुढे धार आणि देवासची संस्थाने स्थापिली, त्यांच्या फौजेला ही भाषा परकी नव्हती. दारूला मात्र उन्हे देत. पेट्रोलला ऊन दाखवू नये, एवढा फरक ध्यानात ठेवावा. जागा, वारा आणि वेळोवेळी तपासणी या तिन्ही गोष्टी पेट्रोललाही जशाच्या तशा लागू पडतात. मला वाटते, आपल्या पूर्वजांना दारूगोळ्याची जी भीती होती ती आपल्याला पेट्रोलची राहिली नाही, कारण आपण ते रोज दुचाकीत भरून दोन पायांमध्ये घेऊन फिरतो.

भांड्याचा प्रश्न जागेइतकाच महत्त्वाचा. देवासला पेट्रोल नवे नाही. 1921 मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते, तेव्हा बागा आणि पाहुण्यांचा बंगला यांबरोबर संस्थानच्या मोटारीही त्यांच्या देखरेखीखाली होत्या. त्या जमान्यात इंधन यायचे ते पातळ पत्र्याच्या डब्यांतून. त्यांतला चार गॅलनचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरचा चौकोनी डबा तर आपल्या संसाराचा भागच होऊन बसला. पाणी भरायला डबा, धान्याला डबा, कापून सरळ केला की छपराला पत्रा. पण पेट्रोलसाठी तो अगदी कुचकामी. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौजेचे पेट्रोल अशाच डब्यांतून जाई. खडबडीत वाटेवर सांधे उलत आणि माल वाळूत झिरपे. सैनिकांनीच त्या डब्याला 'फ्लिमझी', म्हणजे लेचापेचा, असे नाव ठेवले होते. जून 1942 मध्ये तोब्रुक पडले तेव्हा तेथे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटणही होती. आपली माणसे त्या वाळवंटात होती, म्हणून हा तपशील मला दूरचा वाटत नाही. शत्रूकडे मात्र वीस लिटरचा दणकट, वितळजोड केलेला डबा होता. जर्मनांना इंग्रज शिपाई 'जेरी' म्हणत, म्हणून त्या डब्याचे नाव 'जेरीकॅन' पडले आणि पुढे ब्रिटिशांनी व अमेरिकनांनी त्याची नक्कल केली. त्याच्या वरच्या कुशीत हवेची जागा राहते, त्यामुळे भरलेला डबा पाण्यावर तरंगतो. तरफेचे झाकण एका झटक्यात घट्ट बसते. तीन मुठी असल्याने एकट्याने किंवा दोघांनी उचलता येतो. ऐंशीहून अधिक वर्षे झाली, त्याहून चांगले फारसे कोणाला सुचलेले नाही.

ही हवेची जागा चैनीची नाही. पेट्रोल उष्णतेने फुगते. वीस लिटरचा डबा थंड पहाटे काठोकाठ भरला आणि दुपारी तापमान पंचवीस अंशांनी चढले, तर आतले पेट्रोल सुमारे अर्ध्या लिटरने वाढते. त्याला जागा नसेल तर ते झाकणातून वाट काढील. म्हणून शंभरात निदान पाच भाग रिकामे ठेवावेत.

कायदा काय म्हणतो? 1934 चा पेट्रोलियम कायदा आजही लागू आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्यावाचून जास्तीत जास्त 30 लिटर जवळ ठेवता येते, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. भांडे काचेचे वा चिनीमातीचे असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचे असेल तर पंचवीस लिटरपर्यंत. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला या यादीत स्थान नाही, आणि ते योग्यच आहे. तिचे झाकण वाफ रोखण्यासाठी केलेले नसते, ती उन्हात मऊ पडते, आणि सर्वांत वाईट म्हणजे ती पाण्याची बाटली दिसते. तहानलेले मूल लेबल वाचीत नाही. धारच्या खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर किराणा दुकानांपुढे अशा बाटल्या ओळीने मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. अडल्यावेळी त्यांचा उपयोग होतो हे खरे. तरी विक्री होते म्हटल्यावर तीस लिटरांची सवलत तेथे लागूच होत नाही.

पंपावर डबा भरताना तो मोटारीत किंवा दुचाकीवर ठेवून भरू नये. जमिनीवर ठेवावा आणि नळीचे तोंड डब्याच्या धातूला टेकवून सावकाश भरावे. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर विद्युत साचते. डबा जमिनीला टेकलेला असला की ती निघून जाते. आणखी एक वाईट खोड : टाकीतून नळीने तोंडाने ओढून पेट्रोल काढणे. ते थोडेसे जरी फुप्फुसात गेले तरी जिवावर बेतू शकते. असे कोणी गिळलेच तर त्याला ओकारी काढायला लावू नये. थेट रुग्णालयात न्यावे. आग लागलीच तर पाणी मारू नका, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत आगीसकट पसरते. वाळू किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरावे.

येथवर सरांनी शिकविले. दुसरा धडा मला चाळीस वर्षांनी, माझ्याच निष्काळजीपणाने मिळाला.

2002-03 च्या सुमारास मध्य प्रदेशात विजेची काय दशा होती, हे श्रोत्यांपैकी अनेकांना आठवत असेल. पत्नीला दम्याचा विकार. रात्री औषधाची वाफ देणारे यंत्र विजेवर चालायचे, म्हणून मी एक लहान जनरेटर घेतला. पेट्रोलचा दहा लिटरचा डबा अंगणातल्या खोपीत ठेवला; जागेच्या बाबतीत मी सरांचा शिष्य होतो. मधल्या हिवाळ्यात जनरेटर लागला नाही. वर्षभराने श्रावणातल्या एका रात्री वीज गेली आणि पत्नीला धाप लागली. मी जनरेटरची दोरी ओढली. वीस वेळा, तीस वेळा ओढली. तो दोनदा खोकला आणि गप्प झाला. शेवटी शेजाऱ्यांच्या मोटारीतून तिला दवाखान्यात नेले. ती सावरली, पण त्या पाऊण तासाचे वर्णन मी करणार नाही. सकाळी मेकॅनिकने कार्ब्युरेटर उघडला. आतल्या सुईएवढ्या छिद्रावर तपकिरी, डिंकासारखा थर बसला होता. डब्यातले पेट्रोल पिवळट झाले होते आणि त्याला आंबूस वास येत होता. "साहब, पेट्रोल बासी हो गया," तो म्हणाला. पेट्रोल शिळे होते, हे डॉक्टरेट मिळविलेल्या माणसाला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळले.

आपल्या स्वयंपाकघरातील बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. शेंगदाण्याचे तेल उघडे राहिले की खवट होते, जुन्या तेलाच्या बुधलीला चिकट पुटे चढतात. पेट्रोलचेही जवळजवळ तेच होते. त्यातले काही घटक हवेतील प्राणवायूशी संयोग पावतात. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, आणि शेवटी डिंकासारखा पदार्थ तयार होतो. उष्णता, उजेड आणि तांब्याचा संपर्क यांमुळे हा नाश वेगाने होतो. तेलशुद्धी कारखान्यात तो रोखणारे द्रव्य घातलेले असते, पण ते हळूहळू खर्ची पडते. दुसरीकडे झाकण थोडे सैल असेल तर पेट्रोलमधला सर्वांत हलका, चटकन उडणारा भाग आधी निघून जातो. थंड यंत्र सुरू होते ते याच भागावर. म्हणून जुने पेट्रोल पेटते, पण यंत्र सुरू करीत नाही.

तिसरा शत्रू पाणी, आणि याची कथा अलीकडे बदलली आहे. पूर्वी डब्यात पाणी शिरले तर ते तळाशी वेगळे बसे. आता पेट्रोलमध्ये मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मिसळतात. 2022 मध्ये देशात हे प्रमाण शेकडा 10 पर्यंत गेले आणि 2025 मध्ये 20 पर्यंत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. थोडे पाणी ते आपल्यात विरघळवून ठेवते, त्यामुळे काही बिघडल्याचे दिसत नाही. मर्यादा ओलांडली, किंवा थंडीने ती मर्यादाच खाली आली, की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाशी बसतात आणि वर उरते ते दुबळे पेट्रोल. यंत्र तळातूनच ओढते. आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात अर्धवट रिकाम्या, सैल झाकणाच्या डब्यात हे सहज घडू शकते. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, तेही पाहावे.

मग पेट्रोल टिकते तरी किती? घट्ट झाकणाच्या, सावलीतल्या, न उघडलेल्या धातूच्या डब्यात सहा महिने ते वर्ष, असे साधारणपणे धरले जाते. एकदा उघडले की आपल्याकडील उष्णतेत तीन महिने, आणि यंत्राच्या टाकीत महिनाभर. इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या बाबतीत मी यातली कमीत कमी मुदतच धरतो. 2020 च्या टाळेबंदीत दोन-अडीच महिने उभ्या राहिलेल्या किती गाड्या पहिल्या झटक्यात सुरू झाल्या नाहीत, ते आठवून पाहा. त्यात बॅटरीचा दोष मोठा होता, पण सगळा दोष बॅटरीचा नव्हता.

उपाय आपल्या कोठीघरातलाच आहे : जुने धान्य आधी, नवे मागून. डबा जवळजवळ भरलेला ठेवावा म्हणजे आत हवा कमी राहते. भरल्याची तारीख वर लिहावी. मुदत सरण्याआधी ते दुचाकीत ओतून वापरावे आणि ताजे आणावे. जनरेटर, फवारणी यंत्र किंवा कार्ब्युरेटरची जुनी मोटारसायकल फार दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा नळ बंद करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो. जनरेटर चालवायचा तो अंगणातच. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. पेट्रोल टिकविणारी द्रव्ये बाजारात मिळतात, पण ती ताज्या पेट्रोलमध्ये घालायची असतात. शिळ्याला ती पुन्हा ताजे करीत नाहीत. थोडेसेच जुने झालेले पेट्रोल नऊ-दहा भाग ताज्यात मिसळून वापरता येते. रंग गडद झाला असेल, आंबूस वास येत असेल किंवा तळाशी वेगळा थर दिसत असेल तर मात्र मोह सोडावा. ते गटारात ओतू नये; का ते धारच्या मोरीने दाखविले आहे. ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारून त्याच्या हवाली करावे.

देवासहून इंदूरला जाताना मांगलियाजवळ तेलकंपन्यांची मोठी आगारे लागतात. मुंबईच्या तेलशुद्धी कारखान्यातून मनमाडमार्गे येणारी नळवाहिनी तेथे पोहोचते. आपल्या गाडीतले पेट्रोल बहुधा महाराष्ट्र ओलांडून आलेले असते. अशा आगारांत पेट्रोलच्या टाक्यांना द्रवावर तरंगणारे छत असते. पेट्रोल चढले की छत चढते, उतरले की उतरते, म्हणजे वाफेला मधे जागाच उरत नाही. पंपावर टाकी जमिनीखाली, गारव्यात. तेथे गजाला एक लेप लावून टाकीत सोडतात. तळाशी पाणी असेल तर लेपाचा रंग बदलतो. आणि कोठेही माल मुरत पडत नाही. आला की पुढे निघतो.

माझ्या खोपीत सध्या पाच लिटरचा एकच जेरीकॅन आहे. त्याच्या अंगावर खडूने तारीख लिहिलेली असते. दर दोन महिन्यांच्या पहिल्या रविवारी नातू ते पेट्रोल स्कूटरमध्ये ओततो, डबा भरून आणतो आणि जुनी तारीख पुसून नवी घालतो. त्यानंतर आम्ही दोघे जनरेटर पाच मिनिटे चालवून पाहतो. दोरी अजून मीच ओढतो.